रुसव्यांचा हंगाम

जानेवारीत एक संध्याकाळ अशी येते की आमच्या स्वयंपाकघरात सात वाजता कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि तिकडे लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तिथे कोणीतरी दोन नटमंडळी चेहऱ्यावर झोप दिसू न देता ऑस्करची नामांकनं वाचून दाखवतात. पाच मिनिटांत माझा फोन तापतो. भाचीचा पहिला संदेश ठरलेला, ‘मामा, हिला घेतलंच नाही!’ ज्या पाच जणींची नावं वाचली गेली त्यांच्याविषयी ती अवाक्षर काढत नाही. मागे एकदा मी विचारलं, अगं, त्या पाचांपैकी किती जणींचं काम पाहिलंयस? उत्तर आलं, ‘एकीचं. पण मुद्दा तो नाहीये.’

खरंच, मुद्दा तो नसतो. लग्नात आहेर कोणाला काय केला हे आठवड्याभरात विसरलं जातं. कोणाला करायचा राहिला, ते तीन पिढ्या लक्षात राहतं. डिसेंबरात समीक्षकांच्या पुरस्कारांनी सुरू होऊन मार्चमधल्या ऑस्करला संपणारा हा हंगाम म्हणजे मानपानाची लगीनसराईच असते. समीक्षक एका पंगतीला, धंद्यातले लोक दुसऱ्या पंगतीला आणि प्रेक्षक मांडवाबाहेर उभा राहून ताटं मोजणार. त्याच्या रुसण्याला पोरकट म्हणून हसण्यावारी न्यायची आम्हा लिहिणाऱ्यांची सवय आहे. मीही बरीच वर्षं हसलो. पण हिशेब मांडायला बसलो तेव्हा जरा ओशाळलो. पुरस्कारांचे नियम ज्या ज्या वेळी खरोखर बदलले, त्यातल्या बहुतेक वेळा त्यामागे कोणाचा तरी रुसवा होता. समीक्षकांच्या लेखांनी एखादा नियम हलल्याचं उदाहरण मला पटकन सुचेना. त्यांनी केलं ते काम वेगळं आहे, आणि त्याकडे येतोच.

आधी आपल्याच अंगणातली गोष्ट. फिल्मफेअर पुरस्कार 1954 साली मुंबईच्या मेट्रो सिनेमात पहिल्यांदा दिले गेले तेव्हा पुरस्कार होते अवघे पाच, आणि निवड केली होती वाचकांनी, मतं पाठवून. सुरुवातीला त्यांना ‘क्लेअर्स’ म्हणत, टाइम्सच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. म्हणजे पुरस्काराला नाव समीक्षकाचं आणि मत प्रेक्षकाचं! त्या वाचकांनी सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला तो ‘दो बिघा जमीन’. प्रेक्षकाच्या हाती मत दिलं की तो नाचगाण्यालाच कौल देणार, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हे नाव कुठेतरी लिहून ठेवावं. त्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. एका वर्षात दोन वाटा फुटल्या. एकीवर वाचक, दुसरीवर सरकारने नेमलेले परीक्षक. आणि दोन्हींच्या टोकाला गरिबीवरचाच सिनेमा होता.

वाचकांना विचारलं जात होतं, पण गाणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं तेव्हा समारंभात लता मंगेशकरांनी ‘रसिक बलमा’ गावं असं ठरत होतं. त्यांनी नकार दिला. संगीतकाराला पुरस्काराची बाहुली मिळते, गाण्याला आवाज देणाऱ्याला पुरस्कारच नाही, मग त्या मंचावर मी कशासाठी गाऊ, असा साधा सवाल होता. 1959 साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिलाच लताबाईंना, ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी. गायक आणि गायिका असे दोन वेगळे पुरस्कार व्हायला आणखी काही वर्षं गेली. पुढे 1973 मध्ये प्राण यांनी ‘बेईमान’साठी मिळालेला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेतला नाही. संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला न मिळाल्याबद्दल रुसणारे पुष्कळ असतात. स्वतःला मिळालेलं असताना दुसऱ्यासाठी रुसणारा हा पडद्यावरचा एकमेव खलनायक असावा.

ऑस्करचा इतिहासही असाच चालतो, फक्त तिथला रुसवा मोठा आणि महागडा. 2009 च्या नामांकनांत ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनपटाला आठ जागा मिळाल्या, हीथ लेजरला मरणोत्तर पुरस्कारही मिळाला, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत त्याचं नाव नव्हतं. चाहते खवळले. त्याच वर्षी जूनमध्ये अकादमीने पाचाच्या दहा जागा केल्या. दरवाजा रुंद झाला तो बॅटमॅनसाठी. त्यातून पुढे कोण कोण आत शिरलं ते बघण्यासारखं आहे, बॅटमॅन त्यात अभावानेच सापडेल.

जागा वाढल्या तशी मोजण्याची रीतही बदलली, आणि ही रीत कळल्याशिवाय निकालांवर रागावण्यात अर्थ नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मतदार एका नावावर शिक्का मारत नाही, पसंतीचा क्रम लावतो. ज्याला पहिली पसंती सर्वांत कमी, तो बाद होतो आणि त्याची मतं त्या त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या नावाकडे जातात. कोणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत हे चालतं. त्यामुळे काहींना जिवापाड आवडलेला आणि उरलेल्यांना नकोसा झालेला चित्रपट मागे पडतो. कोणाच्याच डोक्यात न जाणारा पुढे सरकतो. घरात दहा माणसं असली की कोणाला कारलं कितीही प्रिय असो, शेवटी शिजतो बटाटाच.

नामांकनांची रीत आणखी निराळी. तिथे नट नटांना निवडतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, संकलक संकलकांना. 2024 मध्ये ‘बार्बी’ला आठ नामांकनं मिळाली, पण त्याची दिग्दर्शक ग्रेटा गर्विग दिग्दर्शकांच्या यादीत नव्हती. जगभर ओरड झाली की बाईच्या सिनेमात बाहुलीच्या मित्राला नामांकन आणि करणाऱ्या बाईला ठेंगा. ओरडीत तथ्य होतंच, तो मित्र झालेल्या रायन गॉसलिंगनेही जाहीरपणे नाराजी सांगितली. पण त्याच यादीत ‘अॅनॅटॉमी ऑफ अ फॉल’ची जस्टीन त्रिए होती, हे रागाच्या भरात कोणाला दिसलं नाही. शिवाय गर्विगला पटकथेसाठी नामांकन होतं. काही शे दिग्दर्शकांच्या शाखेने त्या वर्षी परदेशी, कोरड्या, अवघड चित्रपटांकडे झुकतं माप दिलं होतं, एवढाच त्याचा उलगडा. कट शोधायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. भाचीला हे समजावलं तर ती म्हणाली, ‘मग नियमच चुकीचा आहे.’ घ्या! रुसव्याची ही पुढची पायरी.

सगळेच रुसवे बाहुलीपायी नसतात. 2015 च्या नामांकनांत अभिनयाच्या वीसच्या वीस जागा गोऱ्या नटनट्यांना गेल्या तेव्हा एप्रिल रेन या बाईंनी ट्विटरवर ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ हे तीन शब्द लिहिले. पुढच्या वर्षी पुन्हा वीसच्या वीस. तेव्हा मात्र अकादमी हलली. 2020 पर्यंत स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतल्या सदस्यांची संख्या दुप्पट करायचं तिने जाहीर केलं आणि देशोदेशींच्या लोकांना सदस्यत्व दिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एका ट्वीटमुळे मिळाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण मतदार बदलल्याशिवाय मिळाला नसता असं मी म्हणेन. गोल्डन ग्लोबचंही तेच. मूठभर परदेशी पत्रकारांच्या त्या संस्थेत एकही कृष्णवर्णीय सदस्य नसल्याचं 2021 मध्ये उघड झालं, दूरचित्रवाहिनीने समारंभ दाखवायला नकार दिला आणि दोन वर्षांत ती जुनी संस्था विसर्जित झाली.

इथवर वाचून वाटेल की मग सरळ प्रेक्षकाच्या हातीच मतपेटी द्यावी. तोही प्रयोग झाला, आणि त्याची कथा मला फार आवडते. ऑगस्ट 2018 मध्ये अकादमीने ‘लोकप्रिय चित्रपट’ असा नवा पुरस्कार जाहीर केला. इतकी टर उडाली की महिनाभरात तो गुंडाळला. मग 2022 मध्ये ट्विटरवर चाहत्यांचा कौल घेतला. एका खात्यावरून दिवसाला वीस मतं देता येत होती. धंद्याच्या गणितानुसार ‘स्पायडरमॅन’ जिंकायला हवा होता, तो पाचवा आला. पहिला आला झॅक स्नायडरचा झॉम्बींचा सिनेमा ‘आर्मी ऑफ द डेड’. दुसरा ‘सिंड्रेला’, कारण त्यात कमिला काबेयो होती. तिसरा ‘मिनामाता’, कारण त्यात जॉनी डेप. म्हणजे सिनेमाला मत कोणी दिलंच नव्हतं, दिलं होतं ते आपापल्या दैवताला. ज्याच्याकडे दिवसाला वीस वेळा बटण दाबणारे भक्त जास्त, तो जिंकला. टाळ्या वाजवाव्यात असा सिनेमाच्या इतिहासातला क्षण म्हणूनही स्नायडरच्याच ‘जस्टिस लीग’मधला प्रसंग निवडला गेला. तो खेळ अकादमीने पुन्हा मांडला नाही.

आपल्याकडे झी टॉकीजचा ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ हा पुरस्कार या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतो. तो नावातच सांगून टाकतो की इथे उत्तम कोण हे विचारलेलं नाही, लाडका कोण एवढंच विचारलंय. गोंधळ होतो तो लाडक्याला उत्तम ठरवायला निघालं की.

आता समीक्षक. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी आपलं मंडळ काढलं 1935 साली. उद्देश उघड होता, हॉलिवूडवाले स्वतःच स्वतःला ओवाळून घेतात, तर बाहेरच्या कोणीतरी मत द्यावं. 1941 च्या चित्रपटांत त्यांनी ‘सिटिझन केन’ निवडला, ऑस्कर ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ला गेला. समीक्षकांच्या शहाणपणाचा दाखला म्हणून ही जोडी इतक्या वेळा सांगितली जाते की जॉन फोर्डच्या त्या चांगल्या चित्रपटाची मला दया येते. पुढे राष्ट्रीय समीक्षकांचं मंडळ आलं, लॉस एंजेलिसचं आलं. 2010 च्या हंगामात या तिघांनीही ‘द सोशल नेटवर्क’ निवडला, तरी ऑस्कर ‘द किंग्ज स्पीच’लाच मिळाला. कारलं आणि बटाटा!

समीक्षकांच्या हातून नियम बदलत नाहीत, पण मतदारांपुढे चित्रपटांचा जो डोंगर येऊन पडतो त्यातून एखादा उपसून वर काढणं त्यांना जमतं. अकादमीचे सदस्य दहा हजारांच्या आसपास आहेत, आणि सगळे चित्रपट कोणीच पाहत नाही. 2021 च्या हंगामात तिन्ही मंडळांनी एकमुखाने ‘ड्राइव्ह माय कार’ निवडला नसता, तर तीन तासांचा, सावकाश चालणारा, बराच वेळ मोटारीत बसून बोलणाऱ्या माणसांचा जपानी चित्रपट सर्वोत्कृष्टच्या दहांत पोचलाच नसता. हे काम पुरस्कार देण्यापेक्षा मोठं आहे, जरी त्याबद्दल समीक्षकांना कोणी हार घालत नाही. त्यांचा दोष दुसरा आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांच्या याद्या इतक्या सारख्या दिसू लागतात की एकाने लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली असं वाटावं.

समीक्षक आणि चाहते एकाच बाजूला उभे राहिले तर काय होतं, ते ‘आरआरआर’ने दाखवलं. 2022 मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गुजराती ‘छेल्लो शो’ गेला आणि ‘आरआरआर’चे चाहते भडकले. पण ते भडकून थांबले नाहीत. अमेरिकेत तो पुन्हा थिएटरांत लागला, लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या त्याच जुन्या, तिखट मंडळाने राजामौलींना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवलं. जानेवारीत त्यातल्या ‘नाटू नाटू’ गाण्याला गोल्डन ग्लोब. मार्चमधल्या सोमवारी सकाळी, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर ठेवून मी टीव्हीपुढे उभा होतो, तेव्हा संगीतकार कीरवाणींनी ऑस्कर हातात घेऊन आभाराचं भाषण चक्क एका जुन्या इंग्रजी गाण्याच्या चालीवर गायलं. दूध उतू गेलं. आणि ‘छेल्लो शो’, ज्याच्यावर इतका राग निघाला, तोही नामांकनांआधीच्या पंधराच्या यादीपर्यंत पोचला होता. त्याचं कौतुक करायला मात्र कोणाला सवड नव्हती.

या परदेशी चित्रपटांच्या विभागात सगळा रुसवा एका अरुंद दाराशी तुंबतो. प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा. आपल्याकडे ते ठरवते फिल्म फेडरेशनची समिती. मराठीला हे दार तीनदा उघडलं, 2004 मध्ये ‘श्वास’, 2009 मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, 2015 मध्ये ‘कोर्ट’. ‘श्वास’ची आठवण निघाली की आजही गळा दाटतो. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं होतं, पण अमेरिकेत मतदारांना चित्रपट दाखवायचा तर खर्च डोळे फिरवणारा. मग महाराष्ट्राने जणू वर्गणी काढली. नाशिकच्या शाळकरी मुलांनी पणत्या करून विकल्या आणि ते पैसे दिग्दर्शक संदीप सावंत आणि मंडळींना पाठवले. ‘सही रे सही’च्या प्रयोगाचं उत्पन्न त्यात आलं. नामांकन मिळालं नाही. पण प्रेक्षकाने मांडवाबाहेर उभं राहून ताटं न मोजता शिधा आणून दिल्याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने 2014 मध्ये व्हेनिसला दोन मोठे पुरस्कार मिळवले होते, त्याच्याच ‘द डिसायपल’ला 2020 मध्ये व्हेनिसमध्ये पटकथेचा आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी भारताकडून ‘जल्लीकट्टू’ गेला, आणि मराठी मुलुखात फारसं कोणी रुसलंही नाही. न रुसणं हाही एक निकालच असतो, जरा जास्त कडू.

2024 मध्ये मात्र रुसवा झाला, आणि खच्चून झाला. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ने कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी आला होता. समितीने निवडला किरण रावचा ‘लापता लेडीज’. निवड समितीतले तेराच्या तेरा पुरुष होते. पायलचा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय सिनेमासारखा वाटला, असं फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं तेव्हा तर भडका उडाला. तिकडे निर्मितीत वाटा असलेल्या फ्रान्सच्या विचाराधीन यादीतही तो होता, पण फ्रान्सने ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. त्याच फ्रान्सने आदल्या वर्षी ‘अॅनॅटॉमी ऑफ अ फॉल’ला डावललं होतं आणि त्याने नंतर पटकथेचं ऑस्कर नेलं. तेव्हा अशा चुकांचा मक्ता आपल्याकडेच आहे असं नाही. डिसेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी पायलच्या चित्रपटाला परभाषी चित्रपटांत पहिलं स्थान दिलं. ‘लापता लेडीज’ पंधरांच्या यादीतही आला नाही. हिंदी बोलणारा ‘संतोष’ आला, ब्रिटनकडून!

या सगळ्या भांडणात एक गोष्ट मला गमतीची वाटत राहिली. दोन्ही चित्रपटांत छाया कदम आहेत. ‘लापता लेडीज’मध्ये स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई. ‘ऑल वी इमॅजिन’मध्ये रत्नागिरीहून आलेली, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबणारी पार्वती, जिच्याकडे आपल्या खोलीचा कागद नाही म्हणून मुंबई तिला हुसकावते. कानला त्या आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या होत्या. या बाजूचे चाहते त्या बाजूच्यांना मूर्ख ठरवत होते आणि दोन्हीकडे पडद्यावर तीच बाई आपलं काम चोख करत उभी होती.

नोव्हेंबरच्या शेवटी तो चित्रपट आपल्याकडे लागला. समाजमाध्यमांवरचा संताप तोवर दोन महिन्यांचा झाला होता. मी शनिवारी दुपारच्या खेळाला गेलो. तिकीट देणाऱ्या मुलाने विचारलं, ‘इंग्लिश आहे का हो हा?’ मल्याळम, हिंदी आणि मराठीही आहे म्हटल्यावर त्याने नवलाने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. आत आम्ही अकरा जण. मी मोजले, कारण जाहिराती संपता संपत नव्हत्या. डावलल्याबद्दल मला लांबलचक निरोप पाठवणाऱ्यांपैकी त्यात कोणी नव्हतं. भाचीही नव्हती, ती ओटीटीवर यायची वाट बघत होती.

मध्येच पार्वती आणि तिची मैत्रीण रात्री बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर दगड मारतात तो प्रसंग आला. माझ्या मागच्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या, पायाशी भाजीच्या पिशव्या. पहिला दगड फलकावर लागला तशी त्यांतली एक अगदी हळू म्हणाली, ‘अजून एक मार गं.’

पार्वतीने मारला.